रुपेरी पडदा आणि यहुदी लोकांची स्मृति

पुणें लष्करांत तांबड्या विटांचें आणि उंच मनोऱ्याचें एक प्रार्थनामंदिर आहे. पुणेकर त्यास 'लाल देऊळ' म्हणून ओळखतात. त्याचें खरें नांव 'ओहेल दावीद', म्हणजे दावीदाचा तंबू. बगदादहून मुंबईस येऊन स्थायिक झालेले व्यापारी डेव्हिड ससून यांनीं १८६३ सालीं त्याचें बांधकाम आरंभिलें. तें १८६७ सालीं पुरें झालें. मध्यंतरीं १८६४ सालीं ससून पुण्यासच निवर्तले, व त्याच आवारांत त्यांची समाधि बांधण्यांत आली. याच शहरांत, रास्ता पेठेंत, 'सुक्कथ शेलोमो' नांवाचें दुसरें मंदिर आहे. तें १९२१ सालचें असून बेने इस्राएल लोकांचें आहे. लष्करांतील मंदिर बांधणाऱ्यांची घरची भाषा अरबी होती. पेठेंतील मंदिर बांधणाऱ्यांची घरची भाषा मराठी.

कोंकणांतील परंपरा अशी सांगते कीं, बेने इस्राएलांच्या पूर्वजांचें जहाज अलिबागनजीक नौगांवच्या किनाऱ्यावर फुटलें आणि त्यांतून सात पुरुष व सात स्त्रिया एवढींच वांचलीं. ग्रंथ समुद्रांत गेले, पुढें भाषाही विसरली. 'शेमा' या प्रार्थनेचा आरंभ, शनिवारचा विसावा, सुंता आणि खाण्यापिण्याचे कांहीं निर्बंध तेवढे उरले. तेलाचे घाणे चालवून हे लोक उपजीविका करीत आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत. म्हणून शेजारीपाजारी त्यांस 'शनवार तेली' म्हणूं लागले. ज्या गांवीं ते राहिले त्या गांवचें नांव त्यांच्या आडनांवास जडलें. पेणचे ते पेणकर, चेऊलचे ते चेऊलकर, किहीमचे ते किहीमकर. हीं आडनांवें श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावीं. कारण आपल्या देशांतील चित्रपटांच्या इतिहासांत तीं पुनः भेटावयाचीं आहेत.

चित्रपट हें स्मृति जतन करण्याचें साधन आहे, असें आज सर्वत्र म्हटलें जातें. यूरोपांत दुसऱ्या महायुद्धांत साठ लक्ष यहुदी मारले गेले, आणि त्यानंतर त्या समाजाचा इतिहास सांगणारे शेंकडों चित्रपट तिकडे निघाले. मग ज्या देशांत यहुदी लोकांस शेजाऱ्यांकडून छळ असा कधीं सोसावा लागला नाहीं, त्या आपल्या देशाच्या पडद्यावर त्यांचें काय झालें? याचें उत्तर मोठें चमत्कारिक आहे. यहुदी कथा पडद्यावर आली, यहुदी नटनट्या पडद्यावर आल्या. परंतु या दोहोंची गांठ फारशी पडली नाहीं.

प्रथम कथेचा विचार करूं. पारशी रंगभूमीचे प्रख्यात नाटककार आगा हश्र काश्मिरी यांनीं १९१३ च्या सुमारास 'यहुदी की लडकी' हें उर्दू नाटक लिहिलें. त्याचें मूळ पाश्चात्य आहे. १८३५ सालीं पॅरिसमध्यें हालेव्ही या यहुदी संगीतकाराचें एक संगीत नाटक रंगभूमीवर आलें. त्याच कथेवरून मॉन्क्रिफ यानें इंग्रजी नाटक रचिलें, आणि हश्र यांनीं त्याचा आधार घेतला. मूळ कथेंत पंधराव्या शतकांतील ख्रिस्ती सत्ताधीश यहुदी लोकांस छळतात. हश्र यांनीं त्यांच्या जागीं रोमन आणले. असें कां केलें असावें? नाटक पाहणारा प्रेक्षक तेव्हां परकीय साम्राज्याखालीं राहत होता. मदोन्मत्त रोमन अधिकारी आणि त्याच्या पायाखालीं रगडला जाणारा वृद्ध जवाहिऱ्या एज्रा यांचें नातें त्यास वेगळें समजावून सांगावें लागलें नसेल, असा तर्क करण्यास जागा आहे.

या नाटकावरून कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनें १९३३ सालीं कुंदनलाल सैगल यांस घेऊन बोलपट काढला, आणि १९५८ सालीं बिमल रॉय यांचा 'यहुदी' आला. त्यांत दिलीपकुमार रोमन राजपुत्र झाले, मीनाकुमारी यहुद्याच्या घरीं वाढलेली कन्या झाली, आणि एज्राची भूमिका सोहराब मोदी यांनीं केली. मोदी पारशी, म्हणजे धर्मरक्षणासाठीं समुद्र ओलांडून या किनाऱ्यावर आलेल्या दुसऱ्या एका समाजाचे पुत्र. त्यांच्या तोंडचे संवाद थिएटरांत टाळ्या घेत. तरीपण हा यहुदी रोमचा होता. शनिवारीं घाणा बंद ठेवणारा, भाकरी खाणारा आणि मराठी बोलणारा यहुदी त्या चित्रांत शोधून सांपडावयाचा नाहीं.

आतां नटनट्यांकडे वळूं. १९१३ सालीं दादासाहेब फाळके यांनीं 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हां तारामतीच्या भूमिकेसाठीं स्त्री मिळेना. अखेर साळुंके नांवाच्या तरुणास लुगडें नेसवावें लागलें. कुलीन घराण्यांतील स्त्रियांनीं पडद्यावर येणें लाजिरवाणें मानलें जाई. ही कोंडी फोडण्यांत यहुदी आणि अँग्लो-इंडियन मुलींचा वांटा मोठा आहे. त्यांतील अग्रगण्य नटी पुण्याची. रूबी मायर्स या बगदादी यहुदी कुळांतील मुलीचा जन्म १९०७ सालीं पुण्यास झाला. ती टेलिफोन कचेरींत काम करीत असतां कोहिनूर कंपनीचे दिग्दर्शक मोहन भवनानी यांच्या दृष्टीस पडली. पडद्यावर तिला 'सुलोचना' हें नांव मिळालें. हें नांव रामकथेंतील इंद्रजिताच्या पत्नीचें. 'टायपिस्ट गर्ल' (१९२६) व 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे' (१९२७) या मूकपटांनीं तिनें देश जिंकला. दुसऱ्या चित्रांत तर तिनें आठ निरनिराळीं सोंगें वठविलीं. मुंबईच्या गव्हर्नरापेक्षां तिचा पगार अधिक, असें लोक बोलत.

बोलपट आला आणि तिचें हिंदुस्थानी कच्चें असल्याचें उघड झालें. तिनें कांहीं काळ काम थांबवून भाषेचा अभ्यास केला व १९३२ सालीं 'माधुरी' मधून ती परत आली. १९२८ च्या मूक 'अनारकली'त ती नायिका होती, १९३५ च्या बोलत्या 'अनारकली'त तीच नायिका होती, आणि १९५३ च्या 'अनारकली'त ती सलीमची आई जोधाबाई झाली. १९७३ चें दादासाहेब फाळके पारितोषिक तिला मिळालें. १९८३ सालीं ती वारली. राजपूत राणी, मोंगल दरबारची दासी, टंकलेखिका, सर्व कांहीं ती झाली. मात्र तिची कीर्ति झाली ती घरच्या नांवाची नव्हे.

कलकत्त्याची एस्थर व्हिक्टोरिया अब्राहाम 'प्रमिला' झाली आणि १९४७ सालीं पहिली 'मिस इंडिया' ठरली. बगदादेंत जन्मलेली फ्लॉरेन्स एझिकेल 'नादिरा' झाली. 'आन' (१९५२) आणि 'श्री ४२०' (१९५५) मधील तिच्या भूमिका जुन्या प्रेक्षकांस अजून आठवतील. नांव बदलण्यांत फसवणूक नव्हती. प्रेक्षकास जवळचें वाटेल असें नांव देणें हा त्या धंद्याचा रिवाजच होता. परंतु त्याचा परिणाम असा झाला कीं, ज्यांनीं चित्रगृहें भरविलीं त्यांचा समाज कोणता, हें चित्रगृहांत बसलेल्यांस कळलेंच नाहीं.

बेने इस्राएलांपैकीं दोघांचीं नांवें येथें सांगितलींच पाहिजेत. पहिले जोसेफ डेव्हिड पेणकर. १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत लागलेला 'आलम आरा' हा हिंदुस्थानचा पहिला बोलपट त्यांच्याच नाटकावरून घेतलेला होता. म्हणजे पेणच्या एका यहुदी लेखकाची कथा घेऊन हिंदी पडदा प्रथम बोलला. दुसरे डेव्हिड अब्राहाम चेऊलकर. यांनीं आपलें नांव लपविलें नाहीं. 'डेव्हिड' एवढ्याच नांवानें ते घरोघर माहीत झाले. 'बूट पॉलिश' (१९५४) मधील त्यांचा जॉन चाचा विसरतां येणार नाहीं. पण हा चाचाही जॉनच.

याच सुमारास यूरोपांतील संकटाची झळ मुंबईच्या चित्रसृष्टीपर्यंत पोंचली होती. कार्ल्सबादचा संगीतकार वॉल्टर कॉफमन १९३४ सालीं मुंबईस आला. बर्लिनच्या एका नामांकित वाङ्मयविषयक पत्राचा संपादक विली हास १९३९ सालीं आला. दोघेही यहुदी, दोघांसही भवनानी यांच्या चित्रसंस्थेंत काम मिळालें; ज्या भवनानींनीं सुलोचनेस पडद्यावर आणिलें तेच हे. त्याच काळीं बॉम्बे टॉकीजचा दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन हा जर्मन गृहस्थ हिटलरच्या पक्षाचा सभासद होता. १९३९ सालीं युद्ध सुरू होतांच त्यास सरकारनें अटकेंत ठेविलें. छळणाऱ्यांच्या पक्षाचा माणूस आणि छळापासून पळालेले लोक एकाच शहरांत, एकाच धंद्यांत होते. कॉफमन पुढें मुंबईच्या नभोवाणी केंद्रावर पाश्चात्य संगीताचा प्रमुख झाला. आकाशवाणीच्या आरंभीं वाजणारी ओळखीची सुरावट त्याचीच, असें मानलें जातें. ती घरोघर ऐकली गेली. ती रचणारा निर्वासित होता हें फार थोड्यांस ठाऊक.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलें. १९४८ सालीं इस्राएलचें राज्य स्थापन झालें आणि पुढील दोन दशकांत कोंकण, मुंबई, पुणें येथील हजारों कुटुंबें तिकडे गेलीं. १९५१ च्या खानेसुमारींत या देशांत सुमारें सव्वीस हजार यहुदी होते. २०११ मध्यें ते पांच हजारांहून कमी भरले. माणसें उठून गेल्यावर स्मृतीची काळजी सुरू झाली, आणि तेव्हां कोठें कॅमेरा खऱ्या शनवार तेल्याकडे वळला. योहाना स्पेक्टर यांनीं १९७९ सालीं बेने इस्राएलांवर माहितीपट केला. सादिया शेपर्ड ही अमेरिकन तरुणी आपल्या बेने इस्राएल आजीचें मूळ शोधण्यासाठीं पुण्याच्या चित्रपटसंस्थेंत राहून कोंकणांत हिंडली आणि २००८ सालीं तिचें पुस्तक व चित्रपट पुढें आले. २०१७ सालीं डॅनी बेन-मोशे यांचा 'शालोम बॉलिवुड' आला. त्यांत सुलोचना, प्रमिला, नादिरा, डेव्हिड यांचीं चरित्रें एकत्र सांगितलीं आहेत. खेदाची गोष्ट एवढीच कीं, हें सांगण्यास बाहेरच्या माणसांस यावें लागलें.

आणि सांगावयास गेलें तर पुरावा कोठें आहे? १९६४ सालीं पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें. तोंपर्यंत मूकपटांपैकीं बहुतेक नष्ट झालेले होते. 'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'चीही नाहीं. ८ जानेवारी २००३ रोजीं पुण्यांत लागलेल्या आगींत जुन्या नायट्रेट फिल्मांचा मोठा सांठा जळून गेला. फिल्म कचकड्याच्या जातीची. ती आपोआप कुजते आणि ठिणगी पडली तर भडकते. तेव्हां पडद्यावर एकदां आलें म्हणजे अमर झालें, ही समजूत खरी नाहीं.

उलट एक उदाहरण पुण्याचेंच आहे. वल्हांडण सणाच्या रात्रीं यहुदी घरांत 'हग्गादा' वाचतात. मिसर देशांतील दास्यांतून पूर्वज कसे सुटले, ही कथा त्या रात्रीं लहान मुलानें प्रश्न विचारावयाचे आणि वडिलांनीं सांगावयाची, असा विधि आहे. १८७४ सालीं पुण्यांत मराठी भाषांतरासह एक हग्गादा छापली गेली. तिच्यांत चित्रें आहेत, आणि त्यांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगडीं नेसून जमिनीवर बसलेल्या दाखविल्या आहेत. मिसरची कथा सांगतांना पुण्याच्या चित्रकारानें आपल्याच घरांतील माणसें काढलीं. जें मुंबईच्या आणि कलकत्त्याच्या मोठ्या चित्रसंस्थांस शंभर वर्षांत सुचलें नाहीं, तें या लहानशा पुस्तकानें करून ठेविलें.

त्या पुस्तकाच्या कांहीं प्रती अजून जपलेल्या आहेत. रास्ता पेठेंत, ठाण्यास, अलिबागेस आणि समुद्रापलीकडे गेलेल्या घरांतही जुने फोटो, लग्नपत्रिका, कीर्तनाच्या वह्या अशाच पेट्यांतून पडून आहेत. त्यांतील माणसांचीं नांवें सांगूं शकणारीं वृद्ध मंडळी हयात आहेत तोंवर तीं नांवें फोटोंच्या पाठीवर लिहून घेतलीं पाहिजेत. पुढें कोणी चित्रपट काढो वा न काढो. नांवें नसलीं तर त्यास दाखवावयास रोमचाच यहुदी उरेल.