झोपडपट्टी फुटबॉल : तुटक्या बादलीपासून विश्वचषकापर्यंत

कन्हान (प्रतिनिधी) : कन्हान नदीच्या एका तीरावर कोळसा खाणींचे कन्हान, तर दुसऱ्या तीरावर १८२१ साली वसलेली कामठी छावणी. रब्बानी क्लबसारख्या संघांमुळे कामठीचे नाव फुटबॉलशी जोडले गेले. मात्र नागपूर जिल्ह्याच्या फुटबॉलला जगाच्या नकाशावर नेले ते झोपडपट्टीतील मुलांनी.

प्रारंभ
हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडा विभागाचे प्राध्यापक विजय बारसे यांना २००१ च्या पावसाळ्यात वस्तीतील काही मुले फुटकी बादली पायाने लाथाडत खेळताना दिसली. त्यांनी मुलांना चेंडू मिळवून दिला. खेळात रमलेली ही मुले तेवढा वेळ व्यसनापासून आणि भांडणतंट्यापासून दूर राहतात, हे त्यांच्या ध्यानी आले. या निरीक्षणातूनच 'झोपडपट्टी फुटबॉल' उभे राहिले. पुढे हाच उपक्रम 'स्लम सॉकर' या नावाने ओळखला जाऊ लागला.

प्रवेशाची अट एकच
क्लब म्हटला की शुल्क, गणवेश आणि बूट आलेच. येथे मात्र अनवाणी मुलालाही मज्जाव नव्हता. बारसे यांनी निवृत्तीनंतर मिळालेली रक्कम नागपूरजवळ जमीन घेण्यासाठी खर्ची घातली. त्यांचे पुत्र अभिजित हेही अमेरिकेतून परतून या कार्यात सहभागी झाले. मैदानावरील सरावाच्या जोडीला शिक्षण व आरोग्याचे धडे आले. मुलींसाठीही दारे खुली झाली.

बेघरांचा विश्वचषक
बेघर व वंचित खेळाडूंची जागतिक स्पर्धा २००३ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ येथे सुरू झाली. या खेळाचे मैदान अवघे २२ मीटर लांब व १६ मीटर रुंद असते. गोलरक्षकासह प्रत्येकी चार खेळाडू उतरतात आणि सात-सात मिनिटांचे दोन डाव होतात. गल्लीबोळांत वाढलेल्या खेळाडूंना हे आटोपशीर मैदान परके वाटत नाही. २००७ मध्ये कोपनहेगन येथे, तर २०१० मध्ये रिओ दि जानेरो येथे भारतीय संघ या स्पर्धेत खेळला.

दखल
२०१४ मध्ये 'सत्यमेव जयते' या दूरचित्रवाणी कार्यक्रमातून ही कथा घरोघरी पोहोचली. २०१६ मध्ये 'फिफा'ने विविधतेसाठीचा पुरस्कार देऊन संस्थेचा गौरव केला. नागराज मंजुळे दिग्दर्शित 'झुंड' हा चित्रपट मार्च २०२२ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात बारसे यांच्यावर बेतलेली भूमिका अमिताभ बच्चन यांनी साकारली.

खरे मोजमाप
अन्य क्लबांचा इतिहास जिंकलेल्या चषकांनी मोजला जातो. येथे तो मोजपट्टा अपुरा ठरतो. वस्तीतला मुलगा सायंकाळी मैदानावर येतो की गुत्त्याकडे वळतो, हाच येथील खरा सामना आहे. मैदानावर घडलेल्यांपैकी काही जण पुढे स्वतः प्रशिक्षक झाले आणि त्यांनी धाकट्यांना मैदानावर आणले. या क्लबचे यश मोजायचे, तर त्याची सुरुवात त्यांच्यापासूनच करावी लागेल.