घरगुती ब्रॉडबँड जोडणीतील आयपी पत्त्यांचे वाटप व दोषनिवारण

घरातील मोबाइल, संगणक, दूरचित्रवाणी संच इत्यादी उपकरणांना राउटरकडून आंतरजाल पत्ता, म्हणजेच आयपी पत्ता, मिळण्याच्या प्रक्रियेस आयपी पत्त्यांचे वाटप असे म्हणतात. हे काम बहुधा डीएचसीपी या संकेताद्वारे आपोआप होते. वायफायचे चिन्ह दिसूनही संकेतस्थळे न उघडणे या तक्रारीमागे अनेकदा पत्तावाटपातील दोष असतो.

पार्श्वभूमी

भारतात विदेश संचार निगम लिमिटेडने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी आंतरजाल सेवा सुरू केली. त्या काळी दूरध्वनी तारेवरून एका वेळी एकच संगणक जोडला जाई व त्यास सेवादात्याकडून थेट पत्ता मिळे. पुढे एका जोडणीवर अनेक उपकरणे चालू लागल्याने घरोघरी राउटर आले. डीएचसीपीचा पहिला मसुदा १९९३ मध्ये, तर आज प्रचलित असलेली मूळ आवृत्ती मार्च १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली.

आयपीच्या चौथ्या आवृत्तीतील पत्ता ३२ बिटांचा असल्याने एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच आहेत. त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. या टंचाईमुळे घरातील उपकरणांना खाजगी पत्ते देऊन त्या सर्वांसाठी बाहेर एकच पत्ता वापरण्याची पद्धत रूढ झाली. तीस पत्तांतरण (नॅट) म्हणतात.

वाटपाची प्रक्रिया

नवे उपकरण जोडले जाताच ते पत्ता देणाऱ्याचा शोध घेणारा संदेश सर्वांना उद्देशून पाठवते. राउटर एक मोकळा पत्ता देऊ करतो, उपकरण त्याची मागणी नोंदवते व राउटर मंजुरी देतो. पत्ता ठरावीक मुदतीच्या पट्ट्याने मिळतो. मुदत निम्मी सरल्यावर उपकरण नूतनीकरणाची विनंती करते. पत्त्यासोबत प्रवेशद्वाराचा म्हणजे राउटरचा पत्ता व नामनिर्देशक सेवेचा (डीएनएस) पत्ताही कळवला जातो.

पत्त्यावरून निदान

उपकरणास मिळालेला पत्ता पाहिल्यास दोषाचे स्थान बरेचसे कळते. विंडोज संगणकावर तो 'आयपीकॉन्फिग' या आदेशाने, तर मोबाइलवर वायफायच्या तपशिलात दिसतो.

१. १९२.१६८, १० किंवा १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होणारा पत्ता : हा खाजगी पत्ता आहे. तो घरातील राउटरनेच दिलेला असल्यास उपकरण ते राउटर हा टप्पा ठीक असून दोष पुढे शोधावा लागतो.

२. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता : राउटरकडून उत्तर न आल्याने उपकरणाने स्वतःच घेतलेला पत्ता. तार, राउटरमधील डीएचसीपीची सोय व शिल्लक पत्ते तपासावेत.

३. राउटरच्या बाह्य बाजूस १००.६४ ते १००.१२७ मधील पत्ता : सेवादाता एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटत आहे. संकेतस्थळे पाहण्यास अडचण येत नाही. परंतु दुकानातील किंवा गोठ्यातील कॅमेऱ्याशी बाहेरून थेट जोडणी करता येत नाही. त्यासाठी स्थिर सार्वजनिक पत्ता घ्यावा लागतो किंवा कॅमेरा कंपनीच्या मध्यस्थ सेवेतून चित्र पाहावे लागते.

४. राउटरच्या बाह्य बाजूस ०.०.०.० : सेवादात्याकडून पत्ताच मिळालेला नाही. वापरकर्तानाव व परवलीचा शब्द लागणाऱ्या जोडणीत ते चुकले असण्याचीही शक्यता असते.

पत्ता योग्य असून केवळ नावाने संकेतस्थळ उघडत नसेल, तर दोष नामनिर्देशक सेवेत असू शकतो.

नेहमीचे दोष

प्रकाशतंतूच्या जोडणीत भिंतीवरील पेटीवर 'लॉस' हा लाल दिवा लागल्यास तंतूतून प्रकाश पोहोचत नसतो. अशा वेळी राउटरमध्ये बदल करून उपयोग होत नाही; सेवादात्याला कळवावे लागते.

पेटीतच राउटर असताना दुसरा राउटर जोडल्यास दोघेही पत्ते वाटू लागतात. दोघांचा पत्ता १९२.१६८.१.१ असल्यास गोंधळ वाढतो. दुसऱ्याचा पत्ता बदलून त्याचे वाटप बंद करावे व पहिल्याकडून येणारी तार त्याच्या आतील बाजूच्या खाचेत लावावी.

एखाद्या उपकरणात हाताने भरलेला पत्ता राउटरने दुसऱ्याला दिल्यास दोघांची जोडणी तुटत राहते. छापयंत्र, कॅमेरा यांसाठी राउटरमध्येच पत्ता राखून ठेवणे हा त्यावरील उपाय होय. मात्र अलीकडील मोबाइल खऱ्या मॅक क्रमांकाऐवजी बदललेला क्रमांक सांगतात. अशा उपकरणांसाठी खऱ्या क्रमांकावर राखून ठेवलेला पत्ता लागू पडत नाही.

संगमनेरमधील संदर्भ

प्रवरा नदीकाठचे संगमनेर हे अहिल्यानगर जिल्ह्यातील शहर पुणे-नाशिक महामार्गावर वसले आहे. संगमनेर महाविद्यालय (१९६१) व अमृतवाहिनी अभियांत्रिकी महाविद्यालय (१९८३) यांसारख्या संस्थांमुळे येथे बाहेरगावचे विद्यार्थी राहतात. अशा शहरांतील भाड्याच्या खोल्यांत एकाच राउटरवर अनेकांचे मोबाइल व लॅपटॉप असतात. राउटरचा पत्तासाठा १९२.१६८.१.१०० ते १९२.१६८.१.१४९ असा ५० पत्त्यांचा असेल आणि पट्टा दीर्घ मुदतीचा असेल, तर येऊन गेलेल्यांचे पत्तेही अडकून राहतात व नव्या उपकरणास पत्ता मिळत नाही. प्रवेश अर्जाच्या अंतिम दिवशी हा दोष महागात पडतो. साठा वाढवणे किंवा मुदत कमी करणे पुरेसे ठरते.

दक्षता

वीज गेल्यानंतर प्रथम पेटी व तिचे दिवे स्थिर झाल्यावर राउटर सुरू करावा. राउटरवरील बारीक छिद्रातील 'रीसेट' कळ दीर्घकाळ दाबल्यास सर्व मांडणी पुसली जाते. सेवादात्याने भरलेली माहिती हाती नसेल, तर चालू असलेली जोडणीही बंद पडते. म्हणून ती माहिती आधी टिपून ठेवणे व हा उपाय सर्वात शेवटी करणे इष्ट असते.