दोष पेटीचा की तारेचा?

मुंबई–अहमदाबाद हमरस्ता आणि सुरतेहून बारडोलीकडे जाणारा रस्ता जेथे एकमेकांना छेदतात, ते ठिकाण म्हणजे कडोदरा. सुरत जिल्ह्याच्या पलसाणा तालुक्यातील हे गाव आज कापडाच्या गिरण्यांनी, गुदामांनी आणि अहोरात्र चालणाऱ्या वाहतुकीने गजबजलेले असते. बारडोलीचा रस्ता पुढे व्यारा, सोनगड, नवापूर करीत खानदेशात उतरतो. सुरतेच्या कारखान्यांत पोट भरणाऱ्या हजारो खानदेशी कुटुंबांचा गावाकडे जाण्यायेण्याचा हाच मार्ग होय.

हा मार्ग आजचा नव्हे. सतराव्या शतकातील फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने सुरतेहून बऱ्हाणपुरास जाताना बारडोली, नवापूर, नंदुरबार ह्या मुक्कामांची नोंद केली आहे. त्या काळी ह्या वाटेने बैलगाड्यांचे तांडे चालत. आख मोडला तर सुतार हुडकावा, चाकाची धाव निसटली तर लोहाराकडे जावे, असा तेव्हाचा व्यवहार होता. मोडलेला आख गाडीवानाला दिसत होता आणि सुतारालाही दिसत होता. काय बिघडले ह्याविषयी दोघांत वाद होण्याचे कारण नव्हते.

मोटार आली आणि दोष डोळ्यांआड झाला. परंतु तो कानाच्या टप्प्यात राहिला. १९६९ साली पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीची ‘मॅटॅडोर’ गाडी रस्त्यावर आली आणि तिचे नाव मराठीत अशा प्रकारच्या सर्वच गाड्यांचे सामान्यनाम होऊन बसले. १९८४ साली मारुतीची ७९६ घन सेंटिमीटर इंजिनाची व्हॅन आली; तीच पुढे ‘ओम्नी’ झाली. शाळेची मुले, लग्नाची वऱ्हाडे, कापडाचे तागे, भाजीच्या पाट्या, असे सारे काही तिने वाहिले. त्या पिढीचा मिस्त्री पान्याचे एक टोक इंजिनाला व दुसरे कानाला लावून आतला खडखडाट ऐके. पॉइंट घासून साफ करावेत, कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवावा, प्लगचा रंग पाहून पेट्रोल अधिक जळते की कमी हे सांगावे, ही त्याची विद्या होती. ती पुस्तकात नव्हती, हातात होती. आणि उस्तादाकडून शागिर्दाकडे जाण्यास तिला कोणाच्या परवान्याची गरज लागली नाही.

ही विद्या अपुरी पडली, ती मिस्त्रीच्या उणिवेमुळे नव्हे, हवेमुळे. १९४० च्या दशकात लॉस एंजेलिस शहरावर डोळे चुरचुरविणारे धुरके पसरू लागले होते. ते मोटारींच्या धुरावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन तयार होते, हे हागेन-स्मिट ह्या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले. धूर शुद्ध करावयाचा तर एक भाग पेट्रोलास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा, हे प्रमाण क्षणोक्षणी सांभाळणे प्राप्त झाले. कार्बोरेटरच्या स्क्रूला हे साधणारे नव्हते.

विजेच्या मेंदूकडून हे काम करवून घेण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेतील बेंडिक्स कंपनीने १९५७ च्या सुमारास केला. तो फसला. त्या काळचे विजेचे सुटे भाग मोटारीतील उष्णतेला व ओलाव्याला टिकेनात. ज्या थोड्या गाड्यांना ते यंत्र बसविले होते, त्यांतील बहुतेकांना पुन्हा कार्बोरेटर बसवावा लागला. पुढे जर्मनीच्या बॉश कंपनीने ती कल्पना परिपक्व केली आणि १९६७ साली फोक्सवॅगनच्या गाडीत ती यशस्वी झाली. १९७६ साली धुरातील प्राणवायू मोजणारा सेन्सर व्होल्वोच्या गाड्यांत आला आणि वर्तुळ पूर्ण झाले. सेन्सरने खबर द्यावी, पेटीने हिशेब करावा आणि इंजेक्टरने पेट्रोल सोडावे, अशी ही व्यवस्था. ह्याच पेटीला गॅरेजवाले आज ‘ईसीएम’ म्हणतात.

भारतात ही पेटी कायद्याचे बोट धरून आली. १९९५ साली चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आले, २००० साली ते देशभर झाले. २०१० च्या एप्रिलात ‘भारत स्टेज ४’ हे कडक नियम प्रथम १३ शहरांना लागू झाले. त्यांत मुंबई, पुणे आणि सोलापूर यांच्या जोडीला सुरतही होती. २०१७ साली ते नियम साऱ्या देशाला लागू झाले आणि १ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज ६’ चा अंमल सुरू झाला. ओम्नीचे उत्पादन २०१९ साली थांबले. तिची जागा २०१० साली आलेल्या ‘ईको’ने घेतली होती. सायकल दुरुस्तीचे दुकान थाटावे तितक्या सहजतेने नाक्यावर बसणाऱ्या मिस्त्रीसमोर आता अशी गाडी उभी राहू लागली, की जिचा दोष दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही.

अशी एखादी व्हॅन कडोदऱ्याच्या नाक्यावर बंद पडली आहे, असे समजा. गाडी हप्त्याने घेतलेली; मागे सवाऱ्या ताटकळलेल्या. किल्ली फिरविली की इंजिन गरगर फिरते, पण पेट घेत नाही. मिस्त्री स्कॅनर जोडतो. स्कॅनर सांगतो की ईसीएमशी बोलणे होत नाही. ‘ईसीएम गेला, नवा टाका,’ असा निकाल अशा वेळी फार लवकर दिला जातो. त्या एका वाक्याची किंमत व्हॅनवाल्याच्या कित्येक दिवसांच्या कमाईइतकी असते; आणि नवी पेटी बसवूनही गाडी सुरू न झाल्याची उदाहरणे दुर्मिळ नाहीत.

स्कॅनरचा अर्थ नीट लावला पाहिजे. ‘यू०१००’ हा संकेतांक ईसीएमशी संपर्क तुटल्याचे सांगतो. ईसीएम मेल्याचे सांगत नाही. दार ठोठावून उत्तर न आल्यास घरधनी मेला असे कोणी म्हणत नाही; तो बाहेर गेला असेल, किंवा घंटीची तार तुटली असेल. म्हणून जाणता वायरमन पेटीला हात लावण्यापूर्वी तिचे अन्नपाणी तपासतो. बॅटरी पुरती भरलेली आहे काय? फ्यूज शाबूत आहे काय? पेटीला वीज पोचविणारा मुख्य रिले ओढला जातो काय? मग अर्थिंग. इंजिन फिरत असताना बॅटरीचे ऋण टोक आणि पेटीची अर्थिंगची तार ह्यांच्यामध्ये मल्टिमीटर धरला, तर एक-दोन दशांश व्होल्टपेक्षा अधिक फरक दिसू नये. गंजलेल्या एका नटापायी पेटी उपाशी राहिलेली असू शकते.

ह्यापुढची पायरी अधिक बारकाईची आहे. पेटी आपल्या सेन्सरांना ५ व्होल्टची वीज पुरविते. त्यांपैकी एक सेन्सर आतून शॉर्ट झाला तर ते ५ व्होल्ट कोसळतात आणि निरोगी पेटीही मेल्यासारखी वागते. अशा वेळी एकेक सेन्सर सोडवीत जावे. ज्याला सोडविताच ५ व्होल्ट परत येतात, तोच चोर. त्याशिवाय उंदरांनी कुरतडलेल्या तारा आणि पावसाच्या पाण्याने हिरवट पडलेल्या कनेक्टरच्या पिना आहेतच. २००६ च्या ऑगस्टात तापीच्या पुराने सुरत शहराचा मोठा भाग बुडविला होता. अशा पाण्यात उभी राहिलेली गाडी वरून कोरडी झाली, तरी कनेक्टरांतील गंज पुढे महिनोन् महिने आपले काम करीत राहतो.

वीज पोचते, अर्थिंग नीट आहे, ५ व्होल्टची वाट मोकळी आहे, तारा अखंड आहेत, आणि तरीही पेटी मुकीच आहे. किंवा ‘पी०६०१’ सारखा संकेतांक देऊन ती स्वतःच आपल्या स्मृतीतील बिघाड पुन्हा पुन्हा कबूल करते आहे. असे झाले म्हणजेच पेटी बदलण्याचा निर्णय न्याय्य ठरतो. पण तेव्हाही एक प्रश्न उरतो: ती बिघडली कशाने? जळालेल्या इग्निशन कॉइलने आतला ट्रान्झिस्टर जाळला असेल, तर कॉइल न बदलता बसविलेली नवी पेटीही जळेल. बॅटरीच्या तारा न सोडविता गाडीच्या पत्र्याला वेल्डिंग मारले असेल, किंवा धक्कास्टार्ट टाळण्यासाठी दुसऱ्या बॅटरीच्या तारा उलट जोडल्या असतील, तर ती सवय आधी मोडली पाहिजे.

बदलण्याचे कामही केवळ दोन बोल्ट सोडविण्याचे नाही. बॅटरी आधी सोडवावी, भाग क्रमांक अक्षर न् अक्षर जुळवावा. चोरीस प्रतिबंध करणारी यंत्रणा ज्या गाडीत असते, तेथे किल्लीतील खूण नव्या पेटीला शिकवावी लागते. तोवर ती धन्यालाच चोर समजून इंजिन सुरू होऊ देत नाही. आणि हे शिकविण्याचे साधन कोणाच्या हाती आहे, येथे प्रश्न यंत्राचा राहत नाही, न्यायाचा होतो.

आखाचे माप कोणी कुलपात ठेवले नव्हते; पेटीची भाषा मात्र कुलपात राहू लागली. अमेरिकेने १९९० च्या कायद्यान्वये धुराच्या नियंत्रणाशी संबंधित दुरुस्तीची माहिती कंपन्यांनी सर्व कारागिरांना उपलब्ध करून द्यावी असे ठरविले. मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ साली दुरुस्तीच्या हक्काचा स्वतंत्र कायदा केला. भारतात २५ ऑगस्ट २०१४ रोजी स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणे, हा त्यामागील मुख्य आक्षेप होता. प्रकरण पुढे अपिलांत गेले, पण प्रश्न सरकारदरबारी नोंदला गेला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी जे संकेतस्थळ उघडले, त्यात मोटारींचाही समावेश आहे.

ह्या हक्काला एक कर्तव्यही चिकटलेले आहे. माहिती खुली झाली तरी ती वाचण्याचे कष्ट कारागिरानेच घेतले पाहिजेत. स्कॅनर हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. साक्ष ऐकल्यावर उलटतपासणी न करता जो निकाल देतो, तो व्हॅनवाल्याच्या खिशाचा गुन्हेगार ठरतो. आणि ज्याच्या हाती मल्टिमीटर आहे, अंगी धीर आहे आणि ‘आधी तार, मग पेटी’ हा क्रम ज्याने सोडला नाही, तो त्या जुन्या सुतार-लोहारांचाच वारस आहे. त्यांना मोडलेला आख डोळ्यांनी दिसत होता. ह्याला तो विचाराने पाहावा लागतो, इतकेच. कडोदऱ्याच्या नाक्यावर रात्री दिव्याच्या उजेडात एखादा कारागीर कनेक्टरची हिरवटलेली पिन घासून साफ करतो, व्हॅन एका किल्लीत सुरू होते आणि सवाऱ्या नवापूरच्या वाटेला लागतात. नव्या पेटीचे पैसे तेव्हा व्हॅनवाल्याच्या घरीच राहिलेले असतात.