तीन पेंढ्यांचा हिशेब

शिक्क्याबद्दल बँकेतल्या कारकुनाला जेवढा आदर असतो तेवढा राजालाही नसेल. काही वर्षांपूर्वी आमच्या बँकेने बोधचिन्ह बदललं. जुने रबरी शिक्के जमा करा, असं परिपत्रक आलं. तेव्हा कळलं, की वीस वर्षं आपण कागदावर जे चित्र उमटवतोय ते कशाचं आहे, हे शाखेत कोणालाच ठाऊक नाही. अकाउंटंटसाहेब म्हणाले कमळ, शिपाई म्हणाला पंखा. अर्थ परिपत्रकात दिलेला असतो. पण परिपत्रक वाचतो कोण? त्यातला एक शिक्का अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. हे साहेबांना कृपया सांगू नका.

तर परवा वकिलीला असलेला माझा भाचा एक जुना टी-शर्ट घालून आला. त्याच्या मित्राच्या काकांनी अमेरिकेहून आणलेला. छातीवर ढाल, ढालीत तीन पेंढ्या.

"मामा, ओळख, हे कुठलं चिन्ह?"

"गव्हाच्या पेंढ्या दिसतायत. कृषी विद्यापीठ असेल."

"हार्वर्डचं लॉ स्कूल!"

आता वकिलांचा आणि गव्हाचा संबंध काय? फी पोत्यात घेत असतील म्हणावं, तर तेही नाही. मग भाच्याने मला जे सांगितलं ते खातेवहीसारखंच आहे, फक्त एक बाजू बरीच वर्षं कोणी वाचली नव्हती.

1936 साली हार्वर्डला तीनशे वर्षं झाली. त्या निमित्ताने प्रत्येक विभागाला स्वतःची ढाल हवी झाली. लॉ स्कूलसाठी आयझॅक रॉयल या जुन्या देणगीदाराच्या घराण्याच्या चिन्हातल्या तीन पेंढ्या उचलल्या आणि वर विद्यापीठाचं 'व्हेरितास' ठेवलं. व्हेरितास म्हणजे सत्य. चिन्ह देखणं, शेतकी, निरुपद्रवी.

पेंढ्या गव्हाच्या, पण पैसा उसाचा. रॉयलच्या वडिलांचे अँटिग्वा बेटावर गुलामांच्या श्रमावर चालणारे मळे होते, आणि गुलामांचा व्यापारही होता. 1736 मध्ये तिथे गुलामांच्या उठावाचा कट उघडकीला आला म्हणून 88 जणांना देहदंड झाला. त्यातल्या 77 जणांना जिवंत जाळलं. त्यात रॉयलांच्या मळ्यावरचा हेक्टरही होता. पुढच्या वर्षी हे कुटुंब मॅसॅच्युसेट्समधल्या मेडफर्डला आलं. सामानसुमानाबरोबर गुलामही आले. त्या वाड्यातली गुलामांची खोपटी अजून उभी आहेत.

मुलगा आयझॅक स्वातंत्र्ययुद्धात इंग्लंडला पळाला आणि 1781 मध्ये तिथेच वारला. मृत्युपत्रात त्याने हार्वर्डला जमिनी दिल्या, त्या कायद्याच्या किंवा वैद्यकाच्या प्राध्यापकासाठी. म्हणजे जे जमेल ते! (देणगीदारांचा हा मोकळेपणा मला आवडतो, आमच्याकडे लोक पंखा देतात आणि पात्यावर नाव घालतात.) 1815 मध्ये त्या पैशातून कायद्याचं अध्यासन निघालं आणि 1817 मध्ये लॉ स्कूल.

हे सगळं इतिहासकारांना ठाऊक होतं. पण 2015 मध्ये केपटाउनच्या विद्यार्थ्यांनी ऱ्होड्सच्या पुतळ्याविरुद्ध आवाज उठवला, तो ऐकून हार्वर्डच्या मुलांनीही विचारलं, आमच्या छातीवर या पेंढ्या का? समिती बसली. मार्च 2016 मध्ये ढाल निवृत्त झाली. नवी आली ऑगस्ट 2021 मध्ये. पाच वर्षं बिनशिक्क्याची! आमच्याकडे शिक्का पाच मिनिटं सापडला नाही तर रांगेतले लोक पंतप्रधानांपर्यंत पोचतात. नव्या ढालीत कोणाचंच घराणं नाही. वर 'व्हेरितास', आणि 'लेक्स एत युस्तितिया', म्हणजे कायदा आणि न्याय. खाली नुसत्या रेषा. आता कोणी कमळ म्हणणार नाही की पंखा.

समितीत ॲनेट गॉर्डन-रीड या इतिहासकार होत्या. स्वतः कृष्णवर्णीय, जेफरसनच्या घरच्या गुलाम कुटुंबाचा इतिहास लिहिलेल्या. सगळ्यांना वाटलं, या पहिल्यांदा हात वर करतील. त्यांनी उलट मत दिलं: पेंढ्या राहू द्या, पण त्या पाहिल्यावर माणसाला त्या गुलामांची आठवण झाली पाहिजे. मला हे पटलं. खातं बंद झालं म्हणून आम्ही लेजरची पानं फाडत नाही. भाच्याला पटलं नाही. "मामा, ते चिन्ह घालून रोज वर्गात बसायचं असतं ना, तुला नाही." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी चहा मागवला. 2017 मध्ये त्या गुलामांच्या स्मरणार्थ शाळेच्या आवारात एक शिळा बसवली, एवढं मात्र दोघांनाही बरं वाटलं.

पण माझं मन अडकलं ते बेलिंडापाशी. लहानपणी आफ्रिकेतून पळवून आणलेली ही बाई पन्नास वर्षं रॉयलांकडे राबली. मालक पळाला, इस्टेट सरकारजमा झाली. 1783 मध्ये म्हातारीने सरकारकडे अर्ज केला: ज्या संपत्तीत माझे श्रम आहेत, त्यातून मला आणि माझ्या आजारी मुलीला पोटापुरतं द्या. सहीच्या जागी नुसती निशाणी. पेन्शन मंजूर झालं, वर्षाला 15 पौंड 12 शिलिंग. मी लगेच भागाकार केला: आठवड्याला बरोबर सहा शिलिंग, बाकी शून्य.

पण पैसे आले आणि थांबले. तिने पुन्हा अर्ज केला. मग आणखी एक, मग आणखी. 1793 मध्ये, पहिल्या अर्जानंतर दहा वर्षांनी, ती अजून अर्जच करत होती. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी काउंटरवर येणाऱ्या म्हाताऱ्यांना मी 'पुढच्या खिडकीत जा' म्हणतो, ते यंदा म्हणवेना.

काल ताईने तो टी-शर्ट फरशी पुसायला काढला. भाच्याने तिच्या हातून घेतला, धुतला आणि मला आणून दिला. सध्या तो ड्रॉवरमध्ये आहे, जुन्या शिक्क्याच्या खाली.