ऑगर, हाती
कुंपणाच्या खांबांसाठी व रोपांसाठी खड्डे पाडणारे, हातांनी पेलायचे पेट्रोलयंत्र. चंद्रपूर-गडचिरोलीत रानडुक्कर, रोही, चितळ यांपासून पीक राखायचे तर धुऱ्यावर कुंपण हवेच. तारेत थेट वीज सोडण्याच्या बेकायदा प्रकाराने इथे माणसे आणि वाघ दोन्ही मेले आहेत. सौरकुंपणाचा झटका मात्र क्षणिक असतो, आणि त्यासाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळते.

खांबाचा खड्डा अजूनही पुष्कळ ठिकाणी सब्बलीनेच खणतात. ऑगरमध्ये बहुधा 50 ते 65 सीसीचे दोन-स्ट्रोक इंजिन असते. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागते. वेग वाढला की क्लच मळसूत्री पाते फिरवतो. दीड-दोन फूट खोली एका दमात गाठू नये. पाते वारंवार वर काढून माती झटकावी. खरा धोका मुळांचा. सागाचे वा मोहाचे जाड मूळ अडले की पाते थांबते, यंत्रच फिरते आणि मनगट पिरगळते. मूळ कुऱ्हाडीने तोडलेले बरे. वरोरा-भद्रावतीकडची काळी माती ओली असता पात्याला चिकटते, उन्हाळ्यात दगड होते. पावसाळ्यानंतरचा वाफसा सर्वांत सोयीचा. मुरमात दाते लवकर झिजतात.