पेणचे मूर्तिकार

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्याचा इतिहास म्हटला, की आंग्र्यांचे आरमार, कुलाब्याचा कोट, जंजिऱ्याचे सिद्दी आणि रेवदंड्याचे फिरंगी आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. त्यात वावगे असे काही नाही. परंतु ज्या इतिहासाला तोफा नाहीत, सनदा नाहीत आणि बखरही नाही, असा एक इतिहास याच किनाऱ्यालगत, धरमतरच्या खाडीपासून जवळ असलेल्या पेण गावी, गेली शंभराहून अधिक वर्षे घडत आला आहे. आजच्या भाषणात मांडावयाचा आहे तो हाच. तो हाताने मूर्ती घडवून स्वतःच्या हिमतीवर पोट भरणाऱ्या माणसांचा इतिहास आहे.

प्रथम एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. भाद्रपद शुद्ध चतुर्थीस आपण ज्याची पूजा करतो तो पार्थिव गणपती, म्हणजे मातीचा गणपती होय. देवळातील पाषाणमूर्ती एकदा घडविली की पिढ्यान् पिढ्या पुरते. हा गणपती मात्र दीड दिवस, पाच दिवस, फार तर दहा दिवस राहावयाचा, आणि मग पाण्यात विरघळून जावयाचा. मूर्तिकाराच्या दृष्टीने पाहिले तर ही मोठी विलक्षण स्थिती आहे. त्याच्या कामाचा नाश ठरलेलाच असतो, आणि त्या नाशावरच पुढील वर्षीचे त्याचे काम अवलंबून असते. शिल्पकाराला कीर्ती मिळते ती त्याची कृती टिकते म्हणून. पेणच्या मूर्तिकाराला भाकरी मिळते ती त्याची कृती टिकत नाही म्हणून!

पूर्वी या मूर्ती बहुधा घरोघरी किंवा गावातल्या गावात होत. कोकणात पाट नेऊन देण्याची चाल आहे. चतुर्थीच्या आधी काही दिवस घरातील पाट गावच्या मूर्तिकाराकडे पोहोचवावयाचा, आणि त्या पाटावरच त्याने त्या घरचा गणपती घडवावयाचा. कोणता पाट कोणाचा, कोणाकडे उजव्या सोंडेचा चालत नाही, कोणाकडे मूर्ती किती उंचीची बसते, हे सारे त्याच्या ध्यानात असावयाचे. वही ठेवण्याची गरज नसे. विनोबा भावे यांचा जन्म याच पेण तालुक्यातील गागोदे गावी १८९५ साली झाला. त्यांनी आपल्या बालपणच्या आठवणीत सांगितले आहे की, त्यांचे आजोबा घरीच गणपती करीत, तोही उगाळलेल्या चंदनाचा, आणि चंदन उगाळण्याचे काम घरातील मुलांकडे असे. ज्या मूर्तीसाठी हात दुखेपर्यंत चंदन उगाळले ती पाण्यात सोडताना त्या मुलांना काय वाटले असेल, याची कल्पना श्रोत्यांनीच करावी.

ही घरगुती कला धंद्याच्या रूपास आली त्याचे कारण मुख्यतः मुंबई. १८९३ च्या सुमारास लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने सार्वजनिक गणेशोत्सवाचा प्रसार झाला. गिरगावातील केशवजी नाईकांच्या चाळीतील उत्सवही त्याच सालचा. पण केवळ सार्वजनिक उत्सवाने पेणला इतके काम मिळाले नसते. खरे काम मिळाले ते चाळींतील खोल्यांमुळे. गिरण्यांत आणि गोदीत राबण्यासाठी कोकणातील माणूस मुंबईस गेला, तेव्हा त्याने देव बरोबर नेला. मात्र पाट नेऊन देण्यासाठी गावचा मूर्तिकार तेथे नव्हता. त्याला गणपती विकत घ्यावा लागला. खाडीच्या वाटेने मुंबईशी व्यवहार असलेले, मीठ, भात, पोहे यांच्या व्यापाराने पूर्वीच नावाजलेले पेण त्याला सर्वांत जवळचे. पेणच्या देवधर घराण्याचे नाव या धंद्याच्या आरंभकाळाशी आदराने जोडले जाते. एका कारखान्यात शिकलेल्या मुलाने पुढे आपला कारखाना काढावा, त्याच्या हाताखालच्या पोऱ्याने आणखी एक काढावा, असा हा वेल वाढला. कारखाना हा पेणचाच शब्द. त्यावरून धुराडे आणि भोंगा मनात आणू नये. घराची पडवी, अंगणातला मांडव, भिंतींना लावलेल्या फळ्या, एवढाच तो कारखाना.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली. १८९४ साली राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत निघाला आणि देवादिकांची रंगीत चित्रे घरोघरी भिंतींवर आली. देवाचा चेहरा माणसासारखा कोवळा आणि सजीव असावा, अशी लोकांच्या डोळ्यांना सवय लागली. पेणच्या गणपतीच्या मुद्रेत जो गोडवा आहे, त्यात या चित्रांचा वाटा मोठा असावा असे मला वाटते.

या किनाऱ्यावरच्या मातीकामात केवढी शक्ती होती, याचा दाखला पाहावयाचा तर अलिबागजवळच्या सासवणे गावी जावे. विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म तेथे १८९१ साली झाला. त्यांच्या घरी गणपती करण्याचा प्रघात होता. वडिलांच्या हाताखाली माती मळता मळता मुलाचा हात तयार झाला. गावच्या देवळाच्या भिंतीवर त्याने काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र जिल्ह्याचे त्या वेळचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडले, आणि त्यांच्या साह्याने तो मुलगा मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत गेला. पुढे लंडनच्या रॉयल अकादमीत त्यांचे शिक्षण झाले. पुण्यात १९२८ साली उभा राहिलेला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. १९६७ साली ते निवर्तले. सासवण्यास त्यांच्या राहत्या घरी त्यांची शिल्पे आजही पाहावयास मिळतात. त्यांत राजेमहाराजे थोडे. कोळीण, शेतकरी, गावची गुरे, म्हणजे भोवतालची माणसे आणि जनावरेच अधिक. करमरकरांसारखा एखादाच विलायतेपर्यंत जातो. पण ज्या अंगणात तो तयार झाला, तशी अंगणे या किनाऱ्यावर पुष्कळ होती. तेथील इतर हातांची नावे कोणी टिपून ठेवली नाहीत, एवढेच.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. मूर्तीची माती ती शाडूची. ती बारीक, चिकट, फिकट रंगाची. आणि श्रोत्यांना नवल वाटेल, पण ती पेणची नव्हेच! ती येते गुजरातेतून, भावनगरकडून. ती भिजवून, मळून, कुटून लोण्यासारखी मऊ करावयाची, साच्याच्या दोन भागांत बोटांनी दाबून भरावयाची, आतून पोकळ ठेवावयाची आणि दोन्ही भाग जोडावयाचे. हात, सोंड, कान मागाहून लावावयाचे. जोड ओला असेतोवर कोरणीने सफाई करावयाची. मग वाळवण. कडक उन्हात ठेवली तर मूर्ती तडकते, दमट हवेत ठेवली तर वाळत नाही. आणि कोकणात ज्येष्ठापासून हवा दमटच असते. वाळल्यावर पांढऱ्या रंगाचा हात, मग अंगाचा रंग, पीतांबर, दागिने. सर्वांत शेवटी आखणी.

आखणी म्हणजे डोळे रेखणे. सबंध कारखान्यात हे काम करणारे हात मोजकेच असतात. बारीक कुंचल्याने एका श्वासात रेघ ओढावयाची. ती केसभर वर गेली तर देव रागावलेला दिसतो, खाली आली तर पेंगुळलेला. साचा एकच असला, तरी दोन कारखान्यांतील मूर्ती शेजारी ठेवल्या असता जाणता माणूस डोळ्यांवरून कारखाना ओळखतो. रंगाच्या फवाऱ्याचे यंत्र आले, रबरी साचे आले, परंतु डोळ्यांचे काम आजही हातानेच होते.

पेणच्या आसपास हमरापूर, जोहे, तांबडशेत या गावांतही हा धंदा पसरला आहे. खारपाटात भाताचे एकच पीक. ते निघाले की आठ महिने हात रिकामे. मूर्तीच्या कामाने ते हात भरले. जातीचे कुंपण या धंद्यास फार दिवस राहिले नाही. सफाई, रंग, दागिन्यांचे नक्षीकाम, अशी पुष्कळ कामे बायकाच करतात, त्याही घर सांभाळून. ही गावे मुख्यतः कच्च्या, म्हणजे न रंगविलेल्या मूर्ती करून देतात. गावोगावचे विक्रेते त्या नेऊन आपापल्या ठिकाणी रंगवितात. परदेशी जाणाऱ्या मूर्ती चतुर्थीच्या कित्येक महिने आधीच जहाजावर चढतात.

एवढा पसारा शाडूवर उभा राहिला नसता, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्लास्टर ऑफ पॅरिस आले. जिप्सम नावाचा खनिज दगड भाजून केलेली ही पूड. पाणी घातले की थोड्याच मिनिटांत घट्ट होते. काथ्या घालून केलेली तिची मूर्ती हलकी, मजबूत, आणि लांबच्या प्रवासातही न मोडणारी. कोकणच्या पावसाळ्यात ज्याचे निम्मे काम ओलीमुळे अडून राही, त्या कारागिराने हा पदार्थ हाती धरला यात नवल ते काय! परंतु ज्या गुणाने ती मूर्ती प्रवासात टिकते, त्याच गुणाने ती समुद्रातही टिकते. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी चौपाटीवर भग्न मूर्तींचे जे दृश्य दिसू लागले, ते कोणाही भाविकाला पाहवेना.

तेव्हा नियम आले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० साली मूर्तिविसर्जनाविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. मे २०२० मध्ये त्या सुधारून प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली, आणि लगेच वर्षभरासाठी ती पुढे ढकलली. ते साल करोनाचे. मूर्तीची उंची सार्वजनिक उत्सवासाठी चार फूट आणि घरच्यासाठी दोन फूट एवढीच असावी, असे सरकारने ठरविले. जून महिन्यात निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ याच किनाऱ्यावर आदळले होते. पुढे जानेवारी २०२५ च्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने मनाईची कडक अंमलबजावणी करण्यास सांगितले. ९ जून २०२५ रोजी त्याच न्यायालयाने अशा मूर्ती घडविण्यास व विकण्यास मुभा दिली, परंतु त्या नदी-समुद्रात सोडू नयेत असे बजावले. जुलैमध्ये सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित व्हाव्यात, आणि त्याहून उंच मूर्तींना मार्च २०२६ पर्यंत सवलत असावी, असे ठरले.

यातील न्यायाविषयी मला बोलावयाचे नाही. समुद्र राखला पाहिजे, यात दुमत असू नये. परंतु माघापासून ज्येष्ठापर्यंतचा काळ हा कारखान्यातील ऐन कामाचा काळ. त्या चार-साडेचार महिन्यांत फळ्यांवर उभा असलेला माल विकता येईल की फोडावा लागेल, हे ज्याला ठाऊक नाही, त्याने कर्जाचा हप्ता कशाच्या भरवशावर भरावा? मनाई करणे सोपे. शाडू स्वस्तात पोहोचविणे, पावसाळ्यात मूर्ती वाळविण्यासाठी सोयीच्या जागा बांधणे, आणि मातीच्या मूर्तीला लागणाऱ्या अधिक श्रमाचा मोबदला गिऱ्हाइकाने देणे, ही कामे अवघड आहेत. त्यांचा भार आजवर एकट्या कारागिरावर पडला. उंच मूर्तीचा हट्ट मंडळांचा, स्वस्त मूर्तीचा हट्ट गिऱ्हाइकाचा, आणि दोष मात्र मूर्तिकाराच्या माथी, हा हिशेब मला तरी पटत नाही.

शाडू भावनगरची, प्लास्टरचे जिप्सम बहुतेक राजस्थानचे, मुद्रेची घडण रविवर्म्याच्या चित्रांवरून आलेली, पेणचे स्वतःचे म्हणावे असे त्या मूर्तीत काय आहे, तर हात. श्रावण लागला, की मुंबईत आणि पुण्यात रस्तोरस्ती मांडव पडतात, आणि त्यांवर ‘येथे पेणच्या गणेशमूर्ती मिळतील’ अशा पाट्या झळकतात. मूर्ती कोणत्या कारखान्यातून आली आणि डोळे कोणी रेखले, हे त्या पाटीवर कधी लिहिलेले नसते.