जर्मनीत कामाला जायचंय? वावर गहाण टाकण्याआधी एवढं वाचा

मंगरूळपीर : फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुण पाठवायचे असं जाहीर झालं. नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, गवंडी, सुतार, स्वयंपाकी, ड्रायव्हर अशी कामं यादीत होती. तेव्हापासून पानटपरीवर बसलं की जर्मनीचा विषय निघतोच.

माझ्या नात्यातलं एक पोरगं आयटीआय इलेक्ट्रिशियन आहे. एका एजंटाने 'फाईल उघडायला' दीड लाख मागितले. बापाने दोन एकर वावर गहाण टाकून रोख दिले, पावती घेतली नाही. आठ महिन्यांनी एजंटाचा फोन बंद. तक्रार द्यायला गेलो तर दाखवायला एकही कागद नव्हता. वावर अजून सुटलं नाही. हे दुसऱ्या घरी होऊ नये म्हणून सगळी माहिती एका जागी देतोय.

करार वेगळा, व्हिसा वेगळा

सरकारने करार केला म्हणजे व्हिसा मिळाला असं नाही. व्हिसा द्यायचा की नाही हे जर्मन वकिलात ठरवते. महाराष्ट्रातले अर्ज मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतात. नोकरीच्या व्हिसाची सरकारी फी ७५ युरो, म्हणजे आपले साधारण सात-आठ हजार रुपये. 'व्हिसाचे पाच लाख' कोणी मागत असेल तर ते पैसे व्हिसाचे नाहीत. टुरिस्ट व्हिसावर तिथे काम करता येत नाही, हेही पक्कं लक्षात ठेवा.

सगळ्यात आधी भाषा

जर्मन भाषेच्या पायऱ्या ए-१, ए-२, बी-१, बी-२ अशा आहेत. नर्सच्या कामाला साधारण बी-२ पर्यंत जावं लागतं. बी-१ पर्यंत पोचायला रोज अभ्यास केला तरी वर्षभर धरून चाला. गोएथे इन्स्टिट्यूटच्या परीक्षेचं प्रमाणपत्र चालतं. ही संस्था पुण्या-मुंबईत मॅक्स म्युलर भवन नावाने ओळखली जाते. ए-१ ची तयारी मोबाईलवर फुकटात सुरू करता येते. दोन-तीन महिने घरीच शिकून बघा. पोराला भाषा झेपते की नाही ते तिथेच कळतं, आणि पैसाही जात नाही.

तुमच्या प्रमाणपत्राला तिथे मान्यता लागते

आपल्या आयटीआयचं किंवा नर्सिंगचं प्रमाणपत्र जर्मनीत आपोआप चालत नाही. तिथलं खातं आपला अभ्यासक्रम त्यांच्या अभ्यासक्रमाशी ताडून पाहतं. याला 'अनेरकेनुंग' म्हणतात. अर्धवट मान्यता मिळाली तर राहिलेला भाग प्रशिक्षणाने किंवा परीक्षेने भरून काढावा लागतो. म्हणून मार्कशीट, अभ्यासक्रमाचा तपशील आणि कामाच्या अनुभवाचे दाखले जपून ठेवा. ठेकेदाराकडे काम केलं असेल तर लेटरहेडवर तारखांसह लिहून घ्या. 'मेक इट इन जर्मनी' या जर्मन सरकारच्या संकेतस्थळावर ही माहिती इंग्रजीत फुकट मिळते.

बारावी झालेल्यांसाठी 'आउसबिल्डुंग'

हातात ट्रेड नसेल तर हा रस्ता आहे. दोन ते साडेतीन वर्षं शिकायचं, थोडे दिवस शाळेत, थोडे दिवस कंपनीत. महिन्याला विद्यावेतन मिळतं. त्यासाठी कंपनीचा करार आधी हातात लागतो, बहुतेक ठिकाणी बी-१ भाषा लागते, आणि आपलं शालेय शिक्षण त्यांच्या मोजमापात बसावं लागतं.

'चान्सेनकार्टे' म्हणजे काय?

१ जून २०२४ पासून हे संधी-कार्ड सुरू झालं. नोकरी हातात नसताना तिथे जाऊन वर्षभर नोकरी शोधता येते. पण निदान दोन वर्षांचं सरकारमान्य प्रशिक्षण किंवा पदवी लागते. इलेक्ट्रिशियन, फिटर हे आपल्याकडे दोन वर्षांचे ट्रेड आहेत. वेल्डर, प्लंबर एक वर्षाचे, त्यामुळे नुसत्या त्या प्रमाणपत्रावर यात बसता येत नाही. भाषा जर्मन ए-१ किंवा इंग्रजी बी-२ लागते. त्याशिवाय खर्चासाठी पैसे दाखवावे लागतात. २०२५ साली ही रक्कम महिन्याला १,०९१ युरो, वर्षाची १३,०९२ युरो होती. म्हणजे बारा-तेरा लाख रुपये. कर्ज काढून हा रस्ता धरू नका. वर्षभरात नोकरी लागली नाही तर परत यावं लागतं आणि डोक्यावर कर्ज राहतं.

पासपोर्ट आताच काढा

वाशिम जिल्हा नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतो. ३६ पानी साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये. आधार, दहावीची सनद आणि टीसीवर नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख एकसारखी आहे का ते आधी बघा. नावातल्या एका अक्षराच्या फरकाने पुढे महिने जातात.

एजंटाला विचारायचे प्रश्न

परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परवाना लागतो. केंद्र सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर परवानाधारकांची यादी आहे. परवाना क्रमांक मागा, यादीत स्वतः शोधा. परवानाधारक एजंटालाही जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपयेच सेवाशुल्क घेता येतं. त्याची पावती त्याने दिलीच पाहिजे. रोख देऊ नका, बँकेतूनच द्या. शंका आली तर परराष्ट्र मंत्रालयाची टोल फ्री हेल्पलाईन १८००-११-३०९० आहे. ऑनलाईन पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा.

पगाराचा हिशेब

करारावरचा पगार पूर्ण हातात येत नाही. कर, आरोग्य विमा, पेन्शन कापून एकट्या माणसाचा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास जातो. मग घरभाडं, खाणं. उरेल ते गावाकडे. युरोला सरळ रुपयाने गुणून स्वप्न पाहू नका.

जायला हरकत नाही. मेहनती पोराला तिथे चांगले दिवस येऊ शकतात. फक्त क्रम चुकवू नका. आधी भाषा, मग प्रमाणपत्राची मान्यता, मग कंपनीचा लेखी करार, मग व्हिसा, आणि तिकिटाचा खर्च शेवटी. करार हातात नसताना वावराच्या सातबाऱ्याला हात लावू नका. आमच्या घरातलं ते पोरगं आता दिवसा वायरिंगची कामं करतं आणि रात्री मोबाईलवर जर्मन शिकतं. ए-१ ची परीक्षा ते स्वतःच्या कमाईतून देणार आहे.